गप्प, चार मिनिटं

गायकवाडबाई घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. हात मांडीवर उताणा ठेवला की समोरच्याला न कळता वेळ दिसायची. "आपण घड्याळ बघतोय हे बोलणाऱ्याला दिसलं की तो घाई करतो," असं त्या म्हणायच्या. "आणि घाईत माणूस ऐकणाऱ्याला हवं ते बोलतो. स्वतःचं राहून जातं."

कर्जतच्या भिसेगावात आमच्या बिल्डिंगीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. एकतीस वर्षं वेगवेगळ्या कोर्टांत स्टेनो म्हणून नोकरी केलेली, आता निवृत्त. बिल्डिंगीत त्यांना 'कोर्टवाल्या बाई' म्हणत आणि सगळे जरा बिचकून असत, कारण त्यांच्याशी साधं बोलणंही सरळ पार पडत नसे. एखादी शेजारीण सांगू लागली, "माझी जाऊ म्हनली, मला नाय जमनार सासूला ठेवायला," की बाई लगेच विचारणार, "तू काय विचारलं होतंस?"

"मी कशाला काय विचारू? तीच म्हनली."

"आपोआप कोणी 'नाही जमणार' म्हणत नाही. आधी काहीतरी विचारलेलं असतं. प्रश्न सांग, मग उत्तर सांग."

शेजारीण पदर सावरत उठायची आणि "ह्यांच्याशी बोलायचं म्हंजे वकील घेऊन यावं लागंल," असं जिन्यात पुटपुटायची. बाईंना ते ऐकू जायचं. त्या हसायच्या आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायची. कोणीही बोलू लागलं की ती बोटं हलायची, ऐकलेलं टाईप करत असायची. भाजीवाल्याशी घासाघीस चालू असतानासुद्धा.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. लग्न झालं, ह्यांना खोपोलीच्या एका कारखान्यात काम लागलं आणि खोली कर्जतला परवडली, म्हणून इकडे आले. माझं माहेर इथून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. इथे मला सगळ्याची धास्ती वाटायची. कोणी हाक मारली तरी आधी मनात यायचं, काय चुकलं आपलं. बिल्डिंगीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा लिहायचं काम सेक्रेटरींनी माझ्याकडे दिलं होतं, कारण माझं अक्षर बरं आहे. एक दिवस बाई फळ्यापुढे उभ्या होत्या.

"हे अक्षर कोणाचं?"

"चुकलं का काही?" मी म्हणाले.

"अक्षर कोणाचं ते विचारलं मी. चुकलं का ते विचारलं नाही."

ही आमची पहिली ओळख. त्यांची बोटं आखडली होती. मांडीवर हलायची, पण पेन धरवत नव्हतं. त्यांना लिहिणारं माणूस हवं होतं. मी म्हणाले, मी आठवी नापाससुद्धा नाही, परीक्षेलाच बसले नाही. त्या म्हणाल्या, "मला ऐकलेलं लिहिणारी हवी आहे. शिकलेली माणसं ऐकलेलं सुधारून लिहितात." पुढच्याच महिन्यात त्यांनी मला दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला आणि रोज दुपारी गणित घ्यायला लागल्या. ह्याआधी माझ्यासाठी कोणी फॉर्म आणला नव्हता. पुढे मी जे केलं त्याला हे कारण म्हणून सांगत नाही. पण ते कृतज्ञतेतूनच घडलं, एवढं खरं.

काम असं होतं. मुंबईची एक संस्था अभ्यास करत होती, की अत्याचाराची तक्रार करणाऱ्या बाईचे शब्द पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत जाताना कसे बदलतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या, ज्यांचे खटले संपलेत अशा बायकांना भेटून त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं काम बाईंकडे होतं. जोडीला शाळांत, कारखान्यांत वर्ग घ्यायचे. बाईंना त्या अभ्यासाचं मर्म कोणी समजावायची गरज नव्हती. कोर्टात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब ऐकून त्याचं वाक्य करून सांगतात, स्टेनो टाईप करतो. त्यात बहुतेक वेळा प्रश्न गळतो आणि उत्तर तेवढं राहतं, जणू साक्षीदार आपल्या मनानेच ते बोलला.

हे त्या वर्गात कशा सांगायच्या ते मी एकदा खालापूरकडच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात पाहिलं. जेवणानंतरचा तास, पन्नासेक बायका, अर्ध्या पेंगलेल्या. बाईंनी कायदा काढलाच नाही. "आज कोणाचं काही चोरीला गेलं का?"

मागून हशा उठला. "सुमनचं लोनचं! तिचं लोनचं रोज कोनतरी खातंय, बाई!"

सुमनला खुर्चीत बसवलं. मला वही काढायला सांगितली. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला, वकिलाचा झाला.

"डब्याचं झाकण घट्ट होतं?"

"सैल होतं जरा."

"म्हणजे घट्ट नव्हतं."

"नव्हतं, पन..."

"ओरडलीस?"

"लोनच्यापायी कोन वरडंल?"

"हो की नाही?"

"नाय."

"लगेच कोणाला सांगितलंस?"

"सुपरवायझर हुभा व्हता. सुट्टी झाल्यावर सांगितलं."

"लगेच नाही. ह्याआधी कधी कोणाला स्वतःहून लोणचं दिलंयस?"

"देते की! सगळ्यांनाच देते."

बाईंनी मला वाक्यं सांगितली, मी लिहिली आणि मोठ्याने वाचली. "मी डब्याचं झाकण घट्ट लावलं नव्हतं. मी ओरडले नाही. मी लगेच कोणाला सांगितलं नाही. याआधी मी स्वतःहून लोणचं दिलेलं आहे."

बायका खो खो हसल्या. सुमन मात्र उठून उभी राहिली. "मी असं बोललेच नाय!"

"तू न बोललेला एक शब्द दाखव त्यात."

सुमन वहीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "बोलले. पन असं नाय बोलले."

"आता लोणच्याच्या जागी दुसरं काही ठेवून बघा," बाई म्हणाल्या.

हसणं एकदम थांबलं नाही. पुढच्या ओळीतलं आधी थांबलं, मग मागचं. तेव्हा बाई त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या. काल दिलं म्हणून आज घेता येत नाही. ओरडली नाही म्हणजे 'घे' म्हणाली असं होत नाही. गप्प राहणं म्हणजे फक्त गप्प राहणं. कडेला बसलेली एक बाई डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळत होती. वर्ग संपल्यावर ती बाईंशी बराच वेळ बोलत उभी राहिली. मी वही उघडली तर बाईंनी नजरेने ती मिटायला लावली.

लिहिण्याचे त्यांचे नियम होते आणि त्यात सूट नव्हती. सुरुवातीला विचारायचं, मध्ये विचारायचं, शेवटी विचारायचं, "सांगायचंय ना?" प्रश्नही लिहायचा. बाई गप्प राहिली तर 'गप्प' लिहायचं आणि पुढे मिनिटं. मग आठ दिवस कागद घरातच ठेवायचे. आठव्या दिवशी पुन्हा जाऊन तिचं तिला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "ठेवू का काढू?" काढ म्हणाली तर कागद तिच्या हातात द्यायचे. तोवर संस्थेला एक ओळसुद्धा जायची नाही.

गप्पचा नियम कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होतो.

"एक मुलगी होती. कोणत्या कोर्टात ते सोड. उलटतपासणीत तिला विचारलं, तू नको म्हणालीस का? ती गप्प. माझ्यासमोरच भिंतीवर घड्याळ होतं. चार मिनिटं गेली. मग साहेबांनी वाक्य सांगितलं, 'मी नको म्हणाले नाही.' मी टाईप केलं."

"मग?"

"मग पुढचा साक्षीदार."

"आणि ती सुटली का... म्हणजे तो सुटला?"

"सुटला. त्या वाक्यामुळे का, ते मला सांगता येणार नाही. पण निकालात ते वाक्य होतं. निकालही मीच टाईप केला."

बोलून त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली. डावा हात शेंगेवर होता आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. तेच वाक्य उमटत असणार.

आता रंजनाचं सांगते. हे तिचं नाव नाही. तिचं गावही सांगत नाही, खालापूर तालुक्यातलं एक धरा. तिच्याबद्दल इथे जे लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलंय. दोन जागा तिने काढायला लावल्या, त्या काढल्या.

तिचा खटला संपून आरोपी सुटला होता. तिने आम्हाला दोन बैठकांत सगळं सांगितलं. तिच्यासारखं बोलणं आम्हाला दुसरं मिळालं नव्हतं. कोणता प्रश्न कोणी कसा विचारला, सगळं तिला पाठ होतं. आणि तिच्या हकिकतीत एक वस्तू होती, घरातली, साधी. वकिलाने त्या वस्तूवरून तिला घोळात घेतलं होतं. ती वस्तू कोणती, ते काढलेल्या दोन जागांपैकी एका जागी होतं.

आठवा दिवस आला तेव्हा बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पट्टी होती, बाहेर पडायची मनाई. संस्थेतून रोज फोन येत होता, कागद कधी पाठवता. महिनाअखेर काम झालं नाही तर ते गुंडाळणार, असं मी फोनवर ऐकलं होतं. "तू जाऊन ये," बाई म्हणाल्या. "तुला नियम माहीत आहेत."

मी खोपोलीच्या शिळफाट्यावरून सहाआसनी रिक्षाने गेले. रंजना परसात भांडी घासत होती. मी सगळं वाचून दाखवलं. ती राखेचे हात तसेच धरून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "ठेवू का काढू?"

ती काही बोलली नाही. एक पातेलं उचललं, परत खाली ठेवलं.

मी घड्याळ बघायला हवं होतं. मी बाईंचा विचार करत होते, पट्टी बांधून बसलेल्या. मी म्हणाले, "बाईंनी लई कष्ट घेतलेत गं. तुझं निघालं तर त्यांचं सगळं काम अडेल. ठेवते मी, चालंल ना?"

ती खाली बघत पातेलं घासायला लागली. मी वहीत 'हो' लिहिलं.

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"किती वेळाने?"

"लगेच."

मी त्यांच्या पट्टीच्या बाजूला उभी होते, तिकडून त्यांना मी दिसत नव्हते. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. दुसऱ्या दिवशी कागद मुंबईला गेले.

दीडेक महिन्याने रंजनाचा फोन आला. संस्थेने कुठल्याशा प्रशिक्षणात पोलिसांना काही उतारे वाचून दाखवले होते, नावं काढून. तिथे बसलेल्या एका शिपायाने त्या वस्तूवरून तिला ओळखलं. त्याचा हेतू वाईट नसेलही. बाजारात तिचा नवरा भेटला, तेव्हा चार माणसांत तो म्हणाला, "तुमच्या घरातली गोष्ट आमाला धडा म्हनून शिकवली राव." नवऱ्याला खटल्याचं सगळं आधीपासून माहीत होतं. पण आता ते बाजाराला माहीत आहे, हे त्याला नव्याने माहीत झालं. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

फोन बाईंनी स्पीकरवर घेतला होता. रंजना ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ताई, मी हो कवा म्हनले?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळा आता बरा झाला होता.

मला तेव्हाच सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "तुमचं काम अडलं असतं, बाई."

"माझं काम हेच होतं," त्या म्हणाल्या. एवढंच. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वही मागितली. 'हो' खोडू दिला नाही. त्याच्याखाली लिहायला लावलं: हा शब्द मी लिहिला. ती गप्प होती.

"किती मिनिटं?"

"माहीत नाही बाई. घड्याळ बघितलं नाही."

"मग तेही लिही. आणि सही कर."

त्याच दिवशी आम्ही रंजनाकडे गेलो. संस्थेतून कागद परत यायला चार दिवस लागले, पण वही आमच्याकडे होती, तिच्यातली पानं बाईंनी बरोबर घेतली. परसात जाऊन बाई खाली जमिनीवर बसल्या, त्यांना गुडघे वाकवता येत नव्हते तरी. "माझ्याकडून चूक झाली," त्या म्हणाल्या. "विचारायला मी स्वतः यायला हवं होतं."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, घेतील. मग माझंच मी बोलले. "मी लिहिलं ते. तू गप्प होतीस आणि मी हो लिहिलं."

रंजना माझ्याकडे बघत राहिली. "कोर्टात मी बोलले त्ये लिवलं नाय," ती म्हणाली. "तुमी मी नाय बोलले त्ये लिवलं. मंग फरक काय, ताई?"

बाईंनी पानं तिच्यापुढे धरली. रंजनाने पानं घेतली, घडी केली आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यात ठेवली. झाकण लावल्याचा आवाज बाहेर आला. नवऱ्याशी बोलायला येऊ का, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "नको." बाई लगेच उठल्या. नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

संस्थेतल्या मुलीने फोनवर खूप समजावलं. नाव तर नाहीच आहे, गाव बदलू, ती वस्तू बदलू, एवढं मोलाचं म्हणणं टाकायचं कसं. बाई म्हणाल्या, "पुस्तक बारीक होईल. होऊ दे." छापलेल्या अहवालात त्या जागी एक कोरं पान आहे. त्यावर एकच ओळ आहे: 'इथे एक मुलाखत होती. ती जिची होती तिने परत घेतली.' ते पान मिळवायला बाई तीनदा मुंबईला गेल्या.

मला वाटलं, आता माझं काम सुटलं. रात्री झोप लागेना. ह्यांना सांगायची हिंमत होईना. पण दोन दिवसांनी बाईंनी नेहमीसारखी हाक मारली आणि गणिताचं पुस्तक उघडलं. एक उदाहरण सोडवून झालं तेव्हा म्हणाल्या, "शारदा, एक विचारते. तुझी ही चूक मी वर्गात सांगू का? नाव नाही घेणार. लोणच्याने फक्त वकील कळतो. गरीब स्वभावाचं, प्रेमाने वागणारं माणूसही समोरच्याचं 'हो' कसं काढून घेतं, ते लोणच्याने कळत नाही. तुझ्या गोष्टीने कळेल."

मी लगेच म्हणाले, "सांगा ना बाई. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी पुस्तक मिटलं. "आठ दिवसांनी सांग."

आठव्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी विचारलं, "सांगू का नको?" हात मांडीवर उताणा होता. मला हो म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर त्या पन्नास बायका, त्या टोप्या, त्या हलणाऱ्या माना. सुमन म्हणेल, कोन व्हती ती टवळी? मी जिभेवर शब्द आणायची आणि तो परत आत जायचा. समोरच्या घरात कोणीतरी दिवा लावला. बाई बसून होत्या. "अगं बोल" म्हणाल्या नाहीत. चहा विचारला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला अवघडायला नको म्हणून.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बरं." आणि पिशवी घेऊन दुधाला गेल्या.

त्यांनी ती गोष्ट कुठल्याच वर्गात सांगितली नाही. मी बरोबर असायचे, मला माहीत आहे. शेवटपर्यंत लोणच्यावरच भागवलं.

रंजनाचा नवरा पुढे बोलू लागला, पण बाजाराला ती अजून जात नाही. तिची जाऊ जाते. मी दहावी पास झाले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत, म्हणून एकीचा आनंद मला कधी सुटा करता आला नाही.

बाईंचा दुसरा डोळाही अधू झाला, तेव्हा चिपळूणहून पुतण्या न्यायला आला. त्या तिकडे गेल्यावर मी दोन-तीनदा फोन केले. दर वेळी ठरवायची की आज सांगू, "बाई, माझी गोष्ट सांगा वर्गात." दर वेळी तब्येतीचं विचारून ठेवून द्यायची. थंडीत पुतण्याचाच फोन आला, बाई वारल्याचा. म्हणून आता ती गोष्ट मीच सांगते आहे. लिहून आठ दिवस ठेवली होती. आज नववा.

त्या चिपळूणला निघाल्या तो दिवस डोळ्यांसमोर आहे. टेंपोत सामान फारसं नव्हतं. एक कपाट, गाद्या, बुद्धाची छोटी मूर्ती फडक्यात गुंडाळलेली. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी दाराशी उभी होते. ड्रायव्हरने गाडी चालू केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब रे जरा. तिला काही म्हणायचंय."

मला म्हणायचं होतंच. पण शब्द निघेना. ड्रायव्हर एकदा माझ्याकडे, एकदा रस्त्याकडे बघत होता. पुतण्याने मागून हाक मारली, "आत्या, उशीर होतोय." बाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि तो हात परत मांडीवर उताणा ठेवला. त्या समोर काचेतून बघत होत्या. किती वेळ गेला, तो मी मोजला नाही. त्यांनी मोजला असेल.

मग त्या म्हणाल्या, "चल."

टेंपो फाटकातून वळला तेव्हा खिडकीतून त्यांचा उजवा हात दिसला. आयुष्यभर ऐकलेलं टाईप करत हलत राहिलेली ती बोटं. त्या दिवशी ती सगळी सरळ होती, स्वस्थ. एकही हलत नव्हतं.